डावीकडची गिरकी

सायकलवाला आत्याला दिसलाच नव्हता. तो माझ्या खिडकीच्या काचेला जवळजवळ घासून मागे गेला. त्याचं उघडं पडलेलं तोंड मला स्पष्ट दिसलं, पण आत्याचा पाय ब्रेककडे गेलासुद्धा नाही.

"आत्या!"

"काय गं? किंचाळतेस काय अशी?"

"तो सायकलवाला!"

"मग? घट्ट चड्ड्या घालून डोंगर चढायला येतात मेले, आणि चालवतात रस्त्याच्या मधोमध. त्यांनी नको बघायला?"

तो मधोमध नव्हता. अगदी कडेच्या पांढऱ्या रेघेवर होता.

मर्टलआत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. मॅकल्सफील्डमध्ये औषधांच्या दुकानात डॉक्टरांची भयंकर अक्षरं लावण्यात तिची सगळी हयात गेली. लग्न केलं नाही. जीव लावला तो फक्त बॅलेवर. आसपासच्या कुठल्याही गावात बॅलेचा प्रयोग लागला की तिची छोटी हिरवी गाडी निघायचीच, मग पाऊस असो, बर्फ असो, की घरात कुणाचा साखरपुडा असो. आज डोंगरापलीकडे बक्स्टनला दुपारचा खेळ होता आणि ती मला बरोबर घेऊन निघाली होती. त्याला कारण होतं. नाताळच्या जेवणात मी विचारलं होतं, एवढ्या गिरक्या घेऊन त्या मुलींना चक्कर कशी येत नाही? आत्यानं काटा खाली ठेवला होता. "या घरात कुणीतरी पहिल्यांदा शहाण्यासारखा प्रश्न विचारलाय," ती म्हणाली होती.

आता गाडी चढणीला लागल्यावर ती तेच पुन्हा समजावत होती.

"समोर एक ठिकाण धरायचं. दिवा, खांब, कुणाचं टक्कल, काहीही. अंग फिरतं, पण डोळे तिथेच ठेवायचे. मान आता तुटेल असं झालं की डोकं झटक्यात फिरवायचं आणि पुन्हा तेच ठिकाण पकडायचं. डोळे सुटले की संपलं. समजलं?"

"समजलं. तू पुढे बघ ना."

"पुढेच बघतेय."

ती माझ्या कानाकडे बघत होती. सकाळपासून बोलताना तिची नजर माझ्या तोंडावर नाही, कानावर होती. मी दोनदा केस मागे सारून तिथे काही लागलंय का ते पाहिलं होतं.

हा रस्ता उघड्या माळावरून जातो. एका अंगाला दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला खाली दरी. वळणं इतकी की मोटारसायकलवाले मुद्दाम इथे येतात, आणि त्यांतले जे इथेच मेले त्यांच्या नावाचे फुलांचे गुच्छ भिंतीला बांधलेले असतात. बर्फ पडल्यावर रस्ता कुठे आहे ते कळावं म्हणून कडेनं उंच खांब रोवलेत.

"बघ त्या खांबांची दशा," आत्या म्हणाली. "या वर्षी सगळे वेडेवाकडे झालेत. कुणाला पर्वा आहे का?"

मी पाहिलं. खांब सरळ होते.

मी काचेच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करते. गाडीच्या काचेमागे सरळ रेघा आखलेला फळा ठेवायचा आणि काचेतून बघताना रेघ कुठे वाकते का ते तपासायचं, हेच माझं रोजचं काम. त्यामुळे मला आधी वाटलं, आत्याच्या बाजूच्या काचेत दोष असणार. मी तिच्याकडे झुकले आणि तिच्या डोक्याजवळ डोकं नेऊन समोर पाहिलं.

"काय चाललंय? मांडीवर बसायचंय का माझ्या?"

"काच बघतेय."

"रविवारी तरी काचेला सुट्टी दे बाई."

तिच्या बाजूनंही खांब सरळच दिसत होते. काचेत दोष नव्हता. मी परत नीट बसले, पट्टा ओढून पाहिला, आणि काच वगळली तर मागे काय उरतं त्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं.

बाकी आत्या गाडी छान चालवत होती. वळण यायच्या आधीच तिचे हात फिरायला लागायचे. गिअर वेळेवर पडायचा. रस्ता तिला पाठ होता. मला मात्र कळायला लागलं होतं की रस्ता पाठ असतो, सायकलवाले पाठ नसतात.

"आज काय बघायचंय ते ऐक," ती म्हणाली. "दीपगृहावरच्या माणसाची मुलगी. बाप वादळात मेलाय, दिवा विझलाय, समुद्रात जहाजं आहेत. मग ती कंदील घेऊन स्वतःच फिरायला लागते. तीच दिवा होते. एका जागी, उजवीकडे, न थांबता. तेवढ्या एका नाचासाठी मी हा खेळ कितीदा बघितला असेल ते देवालाच माहीत."

"उजवीकडेच का?"

"सगळ्या उजवीकडेच फिरतात. डावीकडे फिरणारी लाखात एखादी. मी आयुष्यात दोघीच पाहिल्या, आणि दोन्ही वेळा अंगावर काटा आला. नदी उलटी वाहताना दिसली तर कसं होईल, तसं. तुला कळणार नाही, पण आमच्यातला कुणीही झोपेतसुद्धा सांगेल, ही डावी आहे म्हणून."

बक्स्टनला गाडी लावताना तिचं मागचं चाक फुटपाथवर चढलं. "फुटपाथ रुंद केलाय यांनी," ती म्हणाली.

थिएटरच्या पायऱ्या ती कठडा धरून चढली. आमच्या खुर्च्या पार डाव्या टोकाला, भिंतीलगत होत्या. हे मला विचित्र वाटलं. आत्या नेहमी मधली खुर्ची घ्यायची, आणि ती मिळाली नाही तर खेळ सोडून द्यायची, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

"कडेनं बघितलं की जास्त कळतं," ती म्हणाली.

मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्यानं तिच्या खांद्यावर टिचकी मारली. लाल मफलर, पांढऱ्या मिशा. "मर्टल! भिंतीशी काय करतेस? शिक्षा झालीय का?"

"तुझ्या शेजारी बसायची शिक्षा टाळली, गारसाइड."

हे गारसाइड तिचे जुने ओळखीचे. गावोगावच्या प्रयोगांना ही मंडळी एकमेकांना भेटतात आणि नाचणाऱ्या मुलींच्या घोट्यांबद्दल बोलतात. आजची मुलगी नवी आहे, एवढंच त्यांना कळलं होतं. ते आपल्या मधल्या खुर्चीकडे गेले.

पहिला अंक झाला. मध्यंतरात आइस्क्रीमचे छोटे डबे आले. आत्यानं झाकण काढलं आणि झाकणातला चपटा चमचा शोधायला लागली. तो तिच्या समोरच होता, झाकणात, पांढऱ्यावर पांढरा. तिची बोटं त्याच्या आजूबाजूला फिरली, मग त्याला लागली. तिनं माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे पाहून हसून घेतलं.

"थंडीनं बोटं बधिर झालीत."

दिवे मालवले.

दुसऱ्या अंकात रंगमंच जवळजवळ काळा होता. मागे निळसर उजेड आणि मध्ये ती मुलगी, पांढऱ्या कपड्यात, हातात कंदील. वाद्यं चढत गेली आणि ती फिरायला लागली. मी ठरवल्याप्रमाणे तिच्या डोक्याकडे बघत होते. खरंच, अंग निघून जायचं, चेहरा मागे राहायचा, मग झटक्यात पुढे यायचा. कंदिलाचा उजेड प्रेक्षकांवरून सरकत जायचा. पहिल्या काही फेऱ्यांत मी फक्त चेहराच बघत होते. मग लक्षात आलं की तिचा उजवा खांदा आमच्या बाजूला पुढे येतोय.

मी मनातल्या मनात तिच्या जागी उभी राहिले. उजवा खांदा पुढे येतोय म्हणजे डावीकडे वळणं. खात्रीसाठी मी गुडघ्यावर बोट ठेवून तिच्याबरोबर फिरवायला लागले. घड्याळाच्या काट्यांच्या उलट. पुन्हा पाहिलं. उलटच.

डावी! मला इतका आनंद झाला की मी आत्याकडे वळले. तिच्या अंगावरचा काटा मला बघायचा होता.

आत्याचं तोंड भिंतीकडे होतं. खरंच भिंतीकडे, जणू ती बघत नव्हती, ऐकत होती. डोळ्यांच्या कोपऱ्यातून ती रंगमंचाकडे पाहत होती आणि गालावरून पाणी ओघळत होतं. तिचा हात गुडघ्यावर होता आणि एक बोट संगीताबरोबर छोटे छोटे गोल काढत होतं.

उजवीकडे.

मी तिच्या बोटाकडे बघत राहिले. कंदिलाचा उजेड त्यावरून यायचा आणि जायचा. बोट एकदाही चुकत नव्हतं. प्रत्येक ठोक्याला एक गोल, पूर्ण, सुबक, काट्यांच्या दिशेनं. आत्या खेळ बघत होती, पण तो इथला नव्हता. समोर एक पांढरा ठिपका हलत होता, आणि बाकी सगळं ती स्वतः आठवून भरत होती.

सायकलवाला, खांब, फुटपाथ, चमचा, माझा कान, सगळं एका ओळीत उभं राहिलं. आणि मग मला बाहेर लावलेली हिरवी गाडी आठवली.

टाळ्या पडल्या. आत्यानंही जोरात वाजवल्या.

खेळ संपल्यावर आम्ही बाजूच्या चहाच्या खोलीत बसलो. काचेबाहेर बागेतली झाडं पुसट झाली होती. धुकं उतरत होतं.

"काय मुलगी आहे!" आत्या म्हणाली. "स्क्रू आवळावा तशी. उजवीकडे, जागचं तसूभर न हलता. असं शुद्ध काम हल्ली दिसत नाही."

मी बनला लोणी लावत होते. ते लावतच राहिले.

"धुकं वाढलंय, नाही?" मी म्हटलं. आमच्या घरात कुणाला काही अवघड सांगायचं असलं की तो हवेबद्दल बोलतो. "आज बसनं जाऊया का?"

"आणि गाडी? पाठीवर घेऊ?"

तेवढ्यात गारसाइड आपला कप घेऊन आले. मिशांना साय लागली होती आणि डोळे चमकत होते.

"काय मर्टल! आता बोल! अगं, मी खुर्चीतून पडणार होतो. डावी! आणि कुणी आधी सांगितलंही नाही आपल्याला!"

आत्याचा चमचा कपात थांबला. फार वेळ नाही, पण मी तिच्याकडेच बघत असल्यामुळे मला दिसलं. तिचं तोंड आधी पांढरं झालं आणि मग लाल.

"हो," ती म्हणाली. "डावी."

"बस? एवढंच? गेल्या वेळी डावी बघितलीस तेव्हा स्टेशनपर्यंत माझं डोकं खाल्लं होतंस!"

"आता वय झालं, गारसाइड. डोकं खायला दात राहिले नाहीत."

ते हसले, माझी चौकशी केली आणि गेले. आत्या चहा ढवळत राहिली. त्यात तिनं साखर घातलीच नव्हती.

मी वाक्य तयार केलं. आत्या, तुला दिसत नाही. तीन-चार शब्द. ते तोंडापर्यंत आले की मला तिचं घर दिसायचं, मॅकल्सफील्डच्याही वर, टेकडीवर, जिथे बस जात नाही. गाडी गेली की ती तिथे अडकली. कुठला खेळ, कुठला गारसाइड. आणि बोलले नाही तर समोर तो रस्ता होता, धुक्यात, अंधारात, आणि मी तिच्या शेजारी. मला गाडी येत नाही. तीनदा परीक्षा दिली, तीनदा नापास झाले.

गाडीपाशी आल्यावर मी एक युक्ती केली. परवान्याच्या परीक्षेत आधी लांबच्या गाडीचा नंबर वाचायला लावतात.

"आत्या, त्या लाल गाडीचा नंबर काय गं?"

"का? विकत घेणारेस?"

तिनं दार उघडलं, आत बसली आणि पट्टा लावला. मी फुटपाथवर उभी होते. मी बसायला नको होतं हे मला तेव्हाही माहीत होतं. पण ती आत बसून माझी वाट बघत होती, इंजिन सुरू झालं होतं, आणि मी बसले.

"धुक्यात माझं बरं चालतं," ती म्हणाली. "धुक्यात सगळेच सारखे."

मी उजवा हात दोन खुर्च्यांच्या मधे, हँडब्रेकजवळ नेऊन ठेवला. तिला दिसणार नाही अशा बेतानं ठेवला, आणि मग लक्षात आलं की बेताची गरज नव्हती.

थिएटरखालच्या उतारावर झेब्रा क्रॉसिंग आहे. दोन्ही बाजूंना पिवळे गोल दिवे लुकलुकतात. धुक्यात ते नुसते उजेडाचे डाग दिसत होते. तिथे लहान मुलींची रांग रस्ता ओलांडत होती. त्याच खेळाला आल्या असाव्यात. सगळ्यांचे केस वर घट्ट बांधलेले, पुढे त्यांची बाई. रांग जवळजवळ पलीकडे पोचली होती. शेवटची मुलगी मधेच थांबली, हात डोक्यावर नेले आणि गिरक्या घ्यायला लागली. तिचा कोट छत्रीसारखा उघडला.

गाडीचा वेग कमी झाला नाही.

मी ओरडले की नाही ते आठवत नाही. दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी आडवी झाली, घसरली, हबकली, आणि इंजिन बंद पडलं. माझ्या काचेबाहेर, हाताच्या अंतरावर, मुलीचा कोट हळूहळू खाली येत होता. ती एकदा डळमळली, मग पळत सुटली.

पलीकडून बाईनं हात वर केला. आम्ही थांबलो म्हणून ती आभार मानत होती.

वायपर चालू होते. तेवढाच आवाज होता.

"काय होतं?" आत्यानं विचारलं.

"मुलगी."

"कुठे?"

"पुढे. अगदी पुढे, आत्या."

तिचे हात स्टिअरिंगवर होते. बोटांच्या पेरांवर रक्त राहिलं नव्हतं.

"पण ती मधे उभी राहून काय करत होती?"

"गिरक्या घेत होती."

आत्यानं डोळे मिटले. मला वाटलं ती रडेल. ती फक्त श्वास घेत होती, वर वर, धावून आल्यासारखा.

"कुठल्या बाजूला?" ती म्हणाली.

"मी नाही बघितलं."

मागून एक भोंगा वाजला, छोटासा, माफी मागितल्यासारखा. मग एक दाढीवाला माणूस येऊन खिडकीशी वाकला. "बंद पडली का, बाई?"

"हो," आत्या म्हणाली. "बंद पडली."

त्यानं आणि मी गाडी ढकलून कडेला लावली. आत्या आतून स्टिअरिंग फिरवत होती. तो डावीकडे म्हणाला की डावीकडे, उजवीकडे म्हणाला की उजवीकडे. मग तिनं चावी काढली, पर्समध्ये टाकली आणि पर्स पोटाशी धरली.

बस बाजारातून सुटली. आम्ही पुढेच बसलो. डोंगरावर धुकं इतकं दाट होतं की ड्रायव्हरच्या काचेपुढे एक पांढरी भिंतच चालली होती, आणि मधूनच तिच्यातून एखादा खांब बाहेर पडायचा. प्रत्येक वळणाला माझा पाय खाली दाबला जायचा, जिथे ब्रेक नव्हता. ड्रायव्हर तरुण होता. मी त्याच्या डोळ्यांकडे आरशातून बघत होते. दोन डोळे, रस्त्यावर.

"मार्चमध्ये डॉक्टरनं सांगितलं," आत्या म्हणाली. "मधलं दिसणं जाणार, कडा राहणार. कडा राहणार हे असं सांगितलं मेल्यानं, जसं काही बक्षीस देतोय."

"आणि गाडीचं?"

"विचारलं त्यानं. मी म्हटलं, भाची चालवते."

मी तिच्याकडे पाहिलं. ती पुढे बघत होती.

"बाबांना सांगितलंस?"

"तो लगेच फोनवर फोन करेल. मग मला एखाद्या वृद्धाश्रमात टाकेल, जिथे संध्याकाळी बाजा वाजवतात." तिनं पर्स घट्ट धरली. "ते तुझं राहू दे. खेळ सांग."

"कुठला खेळ?"

"आजचा. तू पाहिलास ना? मग सांग. पहिल्यापासून. आणि सुंदर होतं, छान होतं असलं काही नको. कुठला पाय, कुठला हात, ते सांग."

मी सांगायला लागले. ती मला दर वाक्याला अडवत होती. "हात खांद्याच्या वर की खाली?" "टाच टेकली होती?" "बघितलं नाहीस तर बघितलं नाही म्हण, बनवू नकोस." मी गिरक्यांपाशी आले. उजवा खांदा पुढे कसा येत होता, कंदिलाचा उजेड आमच्यावरून उजवीकडून डावीकडे जायच्या ऐवजी डावीकडून उजवीकडे कसा जात होता, ते सांगितलं. तिचं बोट पर्सवर फिरायला लागलं. आधी जुन्या बाजूला. मग थांबलं. मग उलटं, हळू, अडखळत.

"असं?"

"असं."

ती बराच वेळ तसंच बोट फिरवत राहिली. बस एका वळणावर कलली, समोरून दोन दिवे धुक्यातून फुटले आणि आमच्या शेजारून घरंगळत गेले. मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला.

"गाडी बक्स्टनमध्येच राहिली," ती म्हणाली. "आणायला हवी."

"हं."

"तू चौथ्यांदा परीक्षा दे. तोवर सराव कर. मी शेजारी बसेन. हा रस्ता मला पाठ आहे, आता वळण, आता चढ, सगळं सांगेन तुला. पुढच्या महिन्यात श्रूजबरीला खेळ आहे."

तिचा आवाज पुन्हा तिचा झाला होता. त्यात थोडी आनंदाची लकेरही होती, आणि मला त्या लकेरीचीच सगळ्यात जास्त भीती वाटली. शिकाऊच्या शेजारी बसणाऱ्यालाही तो लांबचा नंबर वाचता यावा लागतो. हा नियम मला माहीत होता. तिलाही माहीत असणार.

हवेबद्दल बोलावं असं मला वाटलं. बाहेर बोलण्यासारखी भरपूर हवा होती.

"आत्या," मी म्हटलं, "शेजारी बसणाऱ्यालाही दिसावं लागतं."

बस उताराला लागली. खाली कुठेतरी मॅकल्सफील्डचे दिवे असणार, अजून दिसत नव्हते. मग पर्सची क्लिप उघडल्याचा आवाज आला. तिची बोटं आत चाचपडत राहिली, खूप वेळ. मी मदत केली नाही. शेवटी चावी सापडली. ती तिनं माझ्या हाताच्या दिशेनं पुढे केली, थोडी चुकीच्या जागी, आणि मी हात सरकवून तिच्याखाली नेला.